'वय झालं' हे निदान नव्हे

दहा-अकरा वर्षांचा कुत्रा सोप्याची पायरी चढताना अडखळू लागला की घरातले कोणीतरी म्हणते, "वय झालं त्याचं." शेजारचे कन्नड बोलणारे काका कुंपणावरून बघून म्हणतात, "वयस्सायतु, बिड्री." दोन्ही भाषांतले वाक्य एकच आणि त्याचा परिणामही एकच. विषय तिथेच संपतो. मग दीड-दोन महिने जातात. कुत्रा मागचे पाय ओढत चालू लागतो, एखाद्या सकाळी उठतच नाही, आणि तेव्हा कुठे डॉक्टरांना फोन होतो.

म्हातारपणामुळे कुत्रा सावकाश चालतो, जास्त झोपतो, त्याला कमी ऐकू येते. पण म्हातारपणामुळे पाय लुळे पडत नाहीत. पाय लुळा पडतो तो कोणत्या तरी आजाराने, आणि त्या आजाराला नाव असते. त्यातले काही आजार विश्रांतीने बरे होतात, काही औषधाने, तर काही कशानेच होत नाहीत. यांपैकीच एक आजार म्हणजे मज्जारज्जूवरची गाठ. ती फार आढळत नाही, पण वयस्क कुत्र्याच्या बाबतीत ती विसरूनही चालत नाही. ही गाठ कशी ओळखतात, कोणती तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घरच्यांना आधीच ठाऊक असले तर हातातले मोलाचे दिवस फुकट जात नाहीत.

पाठीतला दोर

मराठीत मज्जारज्जू म्हणतात, कन्नडमध्ये बेन्नुहुरी. रज्जू म्हणजे दोर आणि हुरी म्हणजे पिळलेला दोर. दोन्ही भाषांनी एकच चित्र पाहिले आहे. मेंदूपासून निघालेला हा दोर मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत जातो. कुत्र्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १३, कमरेत ७ आणि त्यामागे एकत्र जुळलेले ३ मणके असतात. त्यापुढे शेपटीचे वेगळे. पाय उचलण्याचा हुकूम या दोरातून खाली जातो आणि पाय कुठे टेकला आहे याची खबर याच दोरातून वर येते.

ही पोकळी हाडाची आहे, त्यामुळे ती ताणत नाही. पोटात लिंबाएवढी गाठ झाली तरी कित्येक दिवस कळत नाही, कारण तिथे जागा असते. मणक्यांच्या पोकळीत वाटाण्याएवढी गाठही दोराला चेपू लागते.

गाठ तीन ठिकाणी होऊ शकते. पहिली जागा दोराच्या आवरणाबाहेर, म्हणजे बहुधा मणक्याच्या हाडात. कुत्र्यांमधल्या साधारण निम्म्या गाठी या प्रकारच्या असतात. हाडाचा कॅन्सर यातच येतो आणि शरीरात दुसरीकडे सुरू होऊन मणक्यात उतरलेला कॅन्सरही. दुसरी जागा आवरणाच्या आत, पण दोराच्या बाहेर. सुमारे एक तृतीयांश गाठी इथल्या असतात. आवरणातूनच उगवणारी मेनिंजिओमा आणि नसेच्या वेष्टनातून उगवणारी गाठ या त्यातल्या मुख्य. तिसरी जागा थेट दोराच्या गाभ्यात. अशा गाठी सर्वांत कमी.

जागेवरून लक्षणही बदलते. हाडातली गाठ दुखते, आणि नसेच्या मुळाशी असलेलीही दुखते. दोराच्या गाभ्यातली गाठ पुष्कळदा दुखतच नाही, फक्त पाय हळूहळू निकामी करत जाते. म्हणून "ओरडत नाही, म्हणजे काही विशेष नसेल" हा हिशेब इथे चुकतो.

घरात दिसणाऱ्या खुणा

या आजाराची पहिली बातमी बऱ्याच वेळा कानाला लागते. फरशीवर नखे घासल्याचा आवाज येतो. कुत्रा मागचा पाय पुरता उचलत नाही, म्हणून पुढची नखे फरशीला घासतात आणि झिजतात. मधल्या दोन बोटांची नखे वरच्या बाजूने झिजलेली दिसली तर ती खूण मानावी. नंतर वळताना तोल जाणे, मागचे पाय एकमेकांत अडकणे, गुळगुळीत शहाबादी फरशीवर पाय फाकणे सुरू होते. काही कुत्रे पाठ कमानीसारखी धरून उभे राहतात. काही जण उचलून घेताना ओरडतात. मानेत गाठ असेल तर कुत्रा मान खाली घालून चालतो, खाली ठेवलेल्या भांड्यातले खायला कुरकुरतो, पण तेच भांडे पाटावर ठेवले की खातो.

सांधेदुखी आणि नसांचा आजार यांत एक साधा फरक आहे. सांधे दुखणारा कुत्रा लंगडतो, पण पाऊल सरळ टेकवतो. त्याला पाय कुठे आहे ते ठाऊक असते, फक्त भार टाकवत नाही. शिवाय थोडे चालल्यावर तो मोकळा होतो. मज्जारज्जू दबलेल्या कुत्र्याला पाय कुठे आहे याचाच पत्ता नसतो. पाऊल उलटे पडले, पंजाची वरची बाजू फरशीला टेकली, तरी तो तसाच उभा राहतो. चालल्यावर तो सुधारत नाही, उलट थकतो.

एक प्रकार तर भल्याभल्यांना चकवतो. पुढच्या एकाच पायाने कुत्रा महिनोन्महिने लंगडतो. एक्स-रेत हाड चांगले, सांधाही चांगला. औषधाने फरक पडत नाही आणि खांद्याचे मांस मात्र झडत जाते. काखेत बोट दाबले की कुत्रा कळवळतो. अशा वेळी काखेतल्या नसांवर गाठ नाही ना, हे पाहावे लागते. ही गाठ नसेच्या वाटेने हळूहळू मज्जारज्जूपर्यंत पोचते. कधी त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान झालेली दिसते.

यंत्राच्या आधी हात

हल्ली "स्कॅन केला की सगळे कळते" असा समज झाला आहे. पण स्कॅन नेमका कुठे करायचा, हे आधी हातांनीच ठरते. डॉक्टर कुत्र्याला चालवून बघतात. मग पंजा उलटा करून ठेवतात. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो, आजारी कुत्र्याला वेळ लागतो किंवा तो करतच नाही. गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टिचकी मारतात. पाठीवरची कातडी दोन्ही बाजूंनी चिमट्याने हलकी ओढत वर जातात, तेव्हा माशी बसल्यावर थरथरते तशी कातडी थरथरते. ती जिथे थरथरायची थांबते, त्याच्या थोडे पुढे दोष असतो. शेवटी मणक्यांवरून एकेक करून बोट दाबत जातात.

यातून मज्जारज्जूचा कोणता भाग बिघडला ते कळते. पुढचे पाय ठीक, मागचे कमजोर पण ताठर आणि गुडघ्याची उडी नेहमीपेक्षा जोरात असेल, तर दोष छाती ते कमरेच्या मधल्या भागात. मागचे पाय ढिले, मांडीचे मांस झडलेले, शेपटी लोंबलेली आणि लघवी थेंब थेंब गळते, असे असेल तर दोष कमरेच्या खालच्या भागात. चारही पाय कमजोर असतील तर मानेत. सारा जोर हरवलेल्या कुत्र्याच्या बोटाचे हाड चिमट्याने दाबूनही तो मान वळवून पाहत नसेल, तर दुखापत फार खोल आहे असे समजावे.

या हाताच्या तपासणीचे मोल किती, याचे एक जुने उदाहरण माणसांच्या वैद्यकातले आहे. १८८७ साली लंडनमध्ये पाठीच्या असह्य वेदनांनी तीन वर्षे त्रासलेला आणि शेवटी दोन्ही पायांतले बळ गेलेला एक लष्करी अधिकारी विल्यम गोवर्स या डॉक्टरांकडे आला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. गोवर्स यांनी केवळ तपासून मज्जारज्जूवर गाठ असल्याचे आणि तिची जागा सांगितली, आणि व्हिक्टर हॉर्स्ले यांनी शस्त्रक्रिया केली. पहिल्या प्रयत्नात गाठ दिसली नाही. आणखी वरचे हाड काढले तेव्हा ती सापडली, आणि तो माणूस पुढे पुन्हा चालू लागला. मज्जारज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. याच हॉर्स्ले यांनी पाश्चर यांच्या रेबीज लशीची पाहणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारी समितीचे सचिव म्हणूनही काम केले होते.

सगळीच गाठ नसते

मागचे पाय गेले म्हणजे गाठच, असा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे. इथे आजाराची चाल महत्त्वाची ठरते. तो अचानक आला की हळूहळू, दुखतो की दुखत नाही, आणि तेवढाच राहिला की वाढत गेला, हे तीन प्रश्न अर्धे काम करतात.

मणक्यामधली गादी सरकणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात ती एकदम सरकते, मोठ्या कुत्र्यात उतारवयात हळूहळू फुगते. ती दुखते. सौम्य असेल तर पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती आणि औषध पुरते, जास्त असेल तर शस्त्रक्रिया लागते.

मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत गादीचा बारीक कण अडकला तर धावता धावता कुत्रा एकदम कोसळतो. क्षणभर ओरडतो, नंतर दुखत नाही. पहिल्या दिवसानंतर हा आजार सहसा वाढत नाही, आणि बरेच कुत्रे काही आठवड्यांत व्यायामाने सुधारतात. घाईने आशा सोडू नये, असा हा आजार.

मणक्यात जंतूंचा संसर्ग झाला तर पाठ फार दुखते, कधी ताप असतो, भूक मरते. लांबलचक अँटिबायोटिकने हा बरा होतो. याच्या एका कारणाचा, ब्रुसेला जंतूचा, माणसालाही संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्याची रक्ततपासणी करतात.

अल्सेशियन कुत्र्यात साधारण आठ वर्षांनंतर मज्जारज्जू झिजण्याचा एक आजार होतो. तो अजिबात दुखत नाही, हळूहळू वाढतो, आणि बहुधा सहा महिने ते वर्षभरात मागच्या पायांचा जोर जातो. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यामागचा एसओडी-१ या जनुकातला दोष शोधला. हाच जनुक माणसाच्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांमध्येही सदोष असतो. रक्त किंवा गालाच्या आतला बोळा तपासून हा दोष समजतो, पण दोष आहे म्हणजे आजार झालाच, असे नव्हे. बाकीचे सगळे बाजूला काढल्यावरच हे नाव घ्यायचे असते.

याशिवाय डिस्टेंपर, गोचिडातून येणारे ताप, गुडघ्याची तुटलेली शीर, खुब्याचा सांधा, असे बरेच काही पायांवर येते.

आणि एक गोष्ट आपल्या भागात कधीही विसरू नये. रेबीजचा एक प्रकार चावरा नसतो, तो लुळा पाडणारा असतो. लस चुकलेल्या किंवा कुणी चावलेल्या कुत्र्याचे पाय दोन-चार दिवसांत लुळे पडत चालले, आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर "घशात हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नये. लाळ अंगाला किंवा जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत दगावतो. महिना-दोन महिने सावकाश वाढणारी कमजोरी रेबीजची नसते.

गाठीची चाल सहसा अशी असते: आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत जाते, पुष्कळदा एका बाजूला जास्त असते, औषधाने थोडी थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. पण गाठीत रक्तस्राव झाला किंवा पोखरलेला मणका मोडला, तर कुत्रा एका रात्रीत पडू शकतो.

तपासण्यांची पायरी

पहिल्या पायरीवर रक्त आणि लघवी. यातून गाठ दिसत नाही, पण भूल सोसेल का ते कळते, कारण म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे आणि यकृत तपासल्याशिवाय भूल देत नाहीत. कधी कधी उत्तराचा धागाही इथेच मिळतो. रक्तात कॅल्शियम किंवा ग्लोब्युलिन फार वाढले असेल, तर काही विशिष्ट कॅन्सरची शंका येते.

दुसऱ्या पायरीवर छातीचे एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. "दुखते पाठ आणि फोटो छातीचा?" असा प्रश्न घरचे विचारतात. कॅन्सर फुप्फुसात पसरला असेल, किंवा प्लीहेतल्या गाठीतून मणक्यात आला असेल, तर पाठीचा महागडा स्कॅन करण्याआधीच चित्र स्पष्ट होते. छातीचे तीन बाजूंनी तीन एक्स-रे काढतात, कारण एका बाजूने दडलेले दुसऱ्या बाजूने दिसते. गळ्याजवळच्या किंवा पोटातल्या गाठीतून सुई घालून पेशी मिळाल्या तर मणक्याला हात न लावताही निदान होऊ शकते.

तिसरी पायरी पाठीचा एक्स-रे. तो हाड दाखवतो, मज्जारज्जू दाखवत नाही. हाडातले तीस ते पन्नास टक्के खनिज नाहीसे झाल्याशिवाय पोखरलेपण एक्स-रेत उमटत नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "गाठ नाही" असा होत नाही. याउलट, म्हाताऱ्या कुत्र्याच्या मणक्यांना जोडणारे हाडाचे कंगोरे एक्स-रेत ठळक दिसतात आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकला जातो. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात.

चौथी पायरी मायलोग्राम, सीटी किंवा एमआरआय. मायलोग्राममध्ये मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात एक्स-रेत दिसणारे औषध सोडतात आणि त्याची रेघ कुठे अडते ते पाहतात. एमआरआयची सोय नसेल तिथे याचा उपयोग होतो, पण नंतर काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. सीटी हाडासाठी उत्तम. मज्जारज्जू आणि त्यातली गाठ पाहायला मात्र एमआरआयच सर्वांत चांगला. आधी साधी चित्रे घेतात, मग शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन पुन्हा घेतात. मेनिंजिओमासारखी गाठ त्यानंतर उजळून दिसते. माणसाला "हलू नका" सांगता येते, कुत्र्याला नाही. त्यामुळे त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. अंगात कधी छऱ्याच्या बंदुकीचा छरा गेला असेल किंवा हाडात सळी घातली असेल, तर ते आधी सांगावे.

पाचवी पायरी पाठीतले पाणी. याच भुलेत ते सुईने काढतात. संसर्ग आणि सूज ओळखायला याचा उपयोग मोठा. लिम्फोमा सोडला तर गाठीच्या पेशी त्यात क्वचितच सापडतात.

इतके करूनही एमआरआय जे सांगतो ते 'बहुधा अमुक' असेच असते. गाठीचे खरे नाव तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरते. तो तुकडा शस्त्रक्रियेत किंवा जाड सुईने मिळतो.

गोळी देण्याची घाई

पाय ओढणाऱ्या कुत्र्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की दोन दिवसांत तो उठून चालतो, आणि घरात आनंद होतो. स्टिरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, गाठ राहते तिथेच. लिम्फोमा असेल तर तो तात्पुरता आक्रसतो, आणि मग तपासणीत हाती लागत नाही. जंतूंचा संसर्ग असेल तर स्टिरॉइडने तो बळावतो. औषध वाईट नाही, योग्य वेळी ते मोठा आराम देते. पण तपासणीला जायचे ठरले असेल तर "आता दिले तर पुढच्या निदानाला अडचण येईल का?" हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आधी दिले असेल तर औषधाचे नाव आणि तारीख लिहून न्यावी.

घरच्या डब्यातली माणसांची दुखण्याची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. स्टिरॉइडच्या जोडीला अशी गोळी पडली तर रक्ताची उलटी होऊन कुत्रा दगावू शकतो.

आपल्या भागातून कुठे?

पहिल्या तीन पायऱ्या जिल्ह्याच्या गावी बहुधा होतात. पुढच्या पायरीसाठी मोठ्या शहरात जावे लागते. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही दिशांना नेतो. बंगळूरला हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला १८८६ सालापासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे. मोठ्या शहरांत खासगी केंद्रेही आहेत. मात्र कोणते यंत्र आज चालू आहे, भूल देणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात आणि एकूण खर्च किती, हे फोनवर विचारल्याशिवाय गाडी काढू नये. शक्यतो आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावे, म्हणजे हातांनी ठरवलेली जागा तिथल्या डॉक्टरांना आधीच कळते.

न्यायची वेळ आली तर कुत्र्याला काखेत धरून उचलू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर दोघांनी मिळून उचलावे. मुधोळसारख्या सडपातळ कुत्र्याच्या हाडांना गाडीत टोचू नये म्हणून खाली जाड गादी घालावी.

जाताना पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात:

१. पहिली खूण कोणत्या दिवशी दिसली आणि कोणत्या पायात.
२. त्यानंतर सावकाश वाढले, एकदम वाढले की मध्ये सुधारले.
३. कुठे हात लावला की ओरडतो.
४. लघवी धार धरून होते का, शी आपोआप पडते का.
५. दिलेली सर्व औषधे आणि त्यांच्या तारखा.
६. रेबीजची शेवटची लस कधी दिली.
७. आधी कधी गाठ काढली होती का. विशेषतः कुत्रीची स्तनाची गाठ.

मोबाइलवर त्याच्या चालण्याचे चित्रीकरण मागून आणि बाजूने करून घ्यावे. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा वेगळाच चालतो. आणि बारा तास लघवी झाली नसेल, उभे राहता येत नसेल किंवा वेदनेने झोप नसेल, तर कागद-पेन शोधत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नाव कळल्यावर

निदान झाले तरी उपाय कुठे आहे, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर गाठीच्या प्रकारावर आहे. मज्जारज्जूच्या बाहेरची मेनिंजिओमा काढता आली तर कुत्र्याला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून अधिक चांगले आयुष्य मिळते. दहा वर्षांच्या कुत्र्याला दीड वर्ष म्हणजे थोडे नव्हे. लिम्फोमा आणि मायलोमा यांना औषधांचा काही काळ गुण येतो. मणक्याच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये मात्र उपचार करूनही बहुधा काही महिनेच हाती असतात. परदेशात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देतात, आपल्याकडे कुत्र्यांसाठी ती सोय सहजी मिळत नाही.

आणि तपासणीत गाठ न निघता गादी निघाली, संसर्ग निघाला, तर? मग जो कुत्रा "वय झालं" म्हणून कोपऱ्यात पडून राहिला असता, तो औषधाने चालू लागतो. निदानाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

प्रत्येक घराला एमआरआयचा खर्च झेपेल असे नाही, आणि तो केला नाही म्हणून प्रेम कमी ठरत नाही. हाताची तपासणी, रक्त आणि छातीचा एक्स-रे एवढ्यावरही डॉक्टर पुष्कळ सांगू शकतात. "हा एमआरआय केला तर पुढचा निर्णय बदलेल का?" असा सरळ प्रश्न त्यांना विचारावा. शस्त्रक्रिया करायचीच नाही असे ठरले असेल, तर पैसे वेदनाशमनावर आणि शुश्रूषेवर घालणे शहाणपणाचे.

ती शुश्रूषा घरातच होते. फरशीवर गोणपाट किंवा रबरी मॅट अंथरावी. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून चालवावे. पडून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदलावी, मऊ अंथरूण कोरडे ठेवावे. लघवी हाताने दाबून कशी काढायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. उन्हाळ्या-पावसाळ्यात ओल्या जागी माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात, त्यामुळे मागचा भाग रोज बघून स्वच्छ करावा.

आणि तो दिवस येतो, तेव्हा त्यालाही सामोरे जावे लागते. खाणे सुटले, औषधाने वेदना थांबेना, स्वतःच्या घाणीत पडून राहण्याची वेळ आली, तर दयामरणाचा विचार करावा लागतो. निदान झालेले असले की हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागत नाही. आजाराचे नाव ठाऊक असते आणि पुढे काय वाढून ठेवले आहे तेही. घरातल्या मुलांनाही "पळून गेला" किंवा "गावाला सोडला" असे सांगावे लागत नाही. त्याच्या पाठीत गाठ झाली होती, ती दुखत होती, आणि आपण करता येण्यासारखे सगळे केले, एवढे खरे त्यांना सांगता येते. मुलांना तेवढे समजते.